बडोद्यात इलेक्ट्रिक व्हॅन: दीड वर्षानंतर बॅटरीचा हिशेब

दांडिया बाजारात आमचं चिवडा, चकली, मेतकूट, मसाले करायचं काम आहे. पहाटे माल भरायचा, रावपुरा, मांजलपूर, मकरपुरा करत दुपारपर्यंत परत. डिझेल टेम्पो विकून ही व्हॅन घेतली. चालवायला झकास. मांडवीच्या गर्दीत क्लच दाबून पाय भरून यायचे, ते संपलं. कागदावर रेंज दीडशे किलोमीटर, भरल्या गाडीला शंभर-एकशेदहा मिळते, आमचं भागतं.

मला बोलायचंय ते गाडीवरच्या ‘झिरो एमिशन’ स्टिकरबद्दल. एका युनिटला गाडी साडेसहा किलोमीटर जाते. आपल्या देशातली वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे किलोमीटरला 110 ग्रॅम. लिटरभर डिझेल जळलं की 2.7 किलो, टेम्पो लिटरला अठरा द्यायचा, म्हणजे 150 ग्रॅम. फरक चाळीसचा! 20 युनिटची बॅटरी बनतानाच दीडेक टन कार्बन डायऑक्साइड गेलेला धरला, तर तो फेडायलाच पस्तीस-चाळीस हजार किलोमीटर. रस्त्यावर धूर नाही हे खरं, आणि पोळांमधल्या (जुन्या दाट वस्त्यांमधल्या) अरुंद गल्ल्यांत तेही थोडं नाही. पण नुसत्या सरकारी विजेवर फार टेंभा मिरवू नये.

म्हणून गच्चीवर सोलर घेतलं आणि चार्जिंग रात्रीचं दुपारी आणलं. इथे नवा पेच. सोलर ऐन जोरात असतं तेव्हाच बडोदं भाजत असतं, मे महिन्यात 42-43 अंश. लिथियम बॅटरीचा खरा वैरी उष्णता, त्यातही गरम असताना पूर्ण भरून ठेवणं. आता गाडी आल्यावर तासभर पत्र्याच्या शेडऐवजी कडुनिंबाखाली उभी राहते, मग हळू चार्जर लागतो, 80-85 टक्क्यांना बंद. आठवड्यातून एकदा मात्र 100 पर्यंत नेतो. आमची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. तिचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो, पूर्ण भरल्याशिवाय गाडीच्या मीटरला किती चार्ज उरलाय ते नीट कळत नाही. फास्ट चार्जिंग फक्त दिवाळीच्या घाईत.

सर्व्हिसला बॅटरीचं हेल्थ, म्हणजे नवी असतानाच्या मानाने किती क्षमता उरली ते, मागून घेतलं: 96 टक्के. सुरुवातीला जरा पटकन उतरतं, मग वेग मंदावतो. 80 च्या खाली आल्यावरही आमचा सकाळचा फेरा होईल, आणि गाडीला नकोशी झाली तरी सोलरची वीज साठवायला ती अजून काही वर्षं चालावी.

पण शेवटी जाणार कुठे? टेम्पोची शिशाची बॅटरी संपली की दुकानदार स्वतःच म्हणायचा, ‘काका, जुनी द्या, बिलात कमी करतो.’ शिशाला भाव आहे, म्हणून ती कचऱ्यात पडत नाही. एलएफपीत कोबाल्ट नाही, निकेल नाही. खाणीच्या दृष्टीने ते उत्तम, पण रिसायकलवाल्याच्या हाती तांबं, अॅल्युमिनियम आणि थोडं लिथियमच लागतं, त्यामुळे हौसेने कोणी विचारत नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ही जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे: बॅटरी परत घ्यायची, जमिनीत पुरायची नाही, जाळायची नाही. ईव्ही बॅटरीतला 90 टक्के माल 2026-27 पासून परत काढायचा. कागद चोख आहे. शोरूममध्ये विचारलं तर उत्तर, ‘सात वर्षांनी बघू ना साहेब.’ आजच्या घडीला हा एकच मुद्दा मला खटकतो.

पावसाळ्याचंही सांगतो. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात घुसली तेव्हा लोकांनी गाड्या फ्लायओव्हरवर नेऊन लावल्या होत्या. बॅटरी सीलबंद असली तरी आम्ही जोराच्या पावसात व्हॅन उंचावरच ठेवतो, आणि पाण्यात उभी राहिलेली कोणतीही ईव्ही तपासल्याशिवाय चार्जला लावू नका.

घेणार असाल तर बिलावर आणि वॉरंटी कार्डावर बॅटरी पॅकचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि हेल्थ किती टक्क्यांखाली गेलं तर पॅक बदलून मिळेल हे लेखी मागा. आमच्या कार्डावर फक्त चेसिस नंबर होता. बॅटरीचा नंबर चढवून घ्यायला महिना गेला.