काटा साठवरच होता: तुर्भ्याच्या गॅरेजवाल्याने घातलेली 1,85,500 ची टोपी

लाज बाजूला ठेवून लिहितोय. राहतो ऐरोलीत, नोकरी रबाळ्याला, दारात 1998 ची सेकंडहँड जर्मन सेडान, सहा सिलिंडर, ऑटोमॅटिक. बायकोला अजून 60,000 चाच आकडा माहीत आहे. आणि पाम बीच रोडवर मी कधीही रेस लावलेली नाही. आधीच सांगतो, कारण पोलिसांपासून मेहुण्यापर्यंत सगळे पहिलं तेच विचारतात. बंद धावपट्टीवर, रीतसर नाव नोंदवून पळायच्या 402 मीटरच्या शर्यतीची तयारी चालली होती.

तुर्भे एमआयडीसीतल्या त्या गॅरेजवाल्याची पद्धत काही नवीन नाही. भिंतीवर भारी गाड्यांचे फोटो, "शेठ, दुबईहून एकच पीस आलाय, तुमच्यासाठी ठेवलाय." हाय स्टॉल टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणारा डबा, हा जास्त आरपीएमला पकडणारा) 1,35,000, त्याचा प्रेशर व्हॉल्व्ह आणि गेज 28,500, फिटिंग 22,000. पैकी 50,000 त्याच्या भाच्याच्या खात्यावर गूगल पे, बाकी 1,35,500 रोख. पक्कं बिल मागितलं तर "वर जीएसटी पडेल" म्हणाला आणि मी गप्प बसलो. तिथे लबाडी माझीही होती, कबूल. तुम्ही बसू नका. जीएसटी भरा.

पण व्हॉल्व्ह मी हौस म्हणून घेतला नव्हता. लाँचला, म्हणजे शर्यतीत सुटताना, ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिला की कन्व्हर्टरमधलं तेल गरगरत कडेला फेकलं जातं, वरून पंपाचा दाब. तो हाताबाहेर गेला की कन्व्हर्टर अक्षरशः फुगतो आणि क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पुढे रेटतो. तो रेटा थ्रस्ट बेअरिंग झेलतं ते तेलाच्या पातळ पापुद्र्यावर. पापुद्रा फाटला की धातूवर धातू. गिअरबॉक्सच्या पापाची शिक्षा इंजिनाला होते ती अशी. म्हणून कन्व्हर्टरला जाणारं तेल बारीक भोकातून मोजून सोडतात, जास्तीचा दाब रिलीफ व्हॉल्व्हने काढतात आणि कूलरची लाइन मोकळी ठेवतात. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच जास्त झोंबतं.

गाडी ताब्यात घेतली ती संध्याकाळ. इंजिन चालू, काटा साठ पीएसआय दाबावर. रेस दिली, तरी साठ. मी मनात म्हटलं, काय कंट्रोल आहे! मग त्याने इंजिन बंद करून चावी माझ्या हातात ठेवली. काटा साठवर. पंपच थांबला तर दाब येणार कुठून? मी विचारलं पण, "दादा, हा खाली नाही आला?" त्याने काचेवर टिचकी मारली. काटा जरासा थरथरला. "नवीन आहे शेठ, सेट व्हायचाय अजून." तेवढ्यात पोऱ्याने कटिंग आणून हातात दिला. चार घोट होईपर्यंत मी त्या काट्याकडे बघत होतो. बघत होतो आणि काही बोललो नाही. उलट पेढे वाटले. 480 रुपयांचे, ते हिशेबात धरलेले नाहीत.

अकराव्या लाँचनंतर गाडी गिअरमध्ये टाकली की इंजिन बसायला लागलं. ऑइल काढलं तर आत चंदेरी चुरा. वागळे इस्टेटमधल्या एका मिस्त्रीकाकांनी डायल गेज लावून क्रँक मागेपुढे केला, ढिलेपणा 1.1 मिलिमीटर. असायला हवा फार तर 0.3. व्हॉल्व्ह खोलला तर नुसता पितळी सांगाडा, ना स्प्रिंग ना बॉल. गेजची नळी डॅशबोर्डमागे टायने बांधून ठेवलेली, कशालाच जोडलेली नाही. कूलरची रिटर्न लाइन वाकवून चिमटलेली. कन्व्हर्टर लेथवर कापला, तो भंगारातला, वरून निळा रंग. इंजिनाचे 1,96,000. एकूण 3,81,500.

काका एवढंच म्हणाले, "फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टरमधली फट बघितली होतीस का?" फ्लेक्सप्लेट म्हणजे क्रँकच्या टोकाची पातळ तबकडी, कन्व्हर्टर तिलाच बोल्टने जोडतात. मला बघूच दिली नव्हती. बोल्ट आवळायच्या आधी ती साधारण 3 ते 5 मिलिमीटर हवी. समोर उभे राहून मोजून घ्या. "तुम्ही ऑफिसला जा, आम्ही आहोत ना" म्हणणाऱ्याकडे तर हललंच नाही पाहिजे.

मग पोलीस. गॅरेज तुर्भ्यात म्हणून इकडचे तिकडे पाठवतात, पैसे ऐरोलीतून गेले म्हणून तिकडचे इकडे. हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 बघा, असं म्हटल्यावर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" चौथ्या खेपेला अदखलपात्र नोंद झाली. त्यात लिहिलंय, 'इन्व्हर्टर खरेदीवरून वाद'. इन्व्हर्टर! दुरुस्त करा म्हटलं तर "मतलब एकच आहे ना?" परिवहनवाल्यांकडे गेलो तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 दाखवून माझीच गाडी उचलायची भाषा. म्हणजे बदल केला म्हणून मी गुन्हेगार, आणि न केलेल्या बदलाचे पैसे घेणारा मोकळा. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, तक्रार टाकली आहे. वकील मात्र 35,000 मागतोय आणि पुरावा काय, तर 50,000 चा स्क्रीनशॉट आणि वहीच्या पानावरचा हिशेब. त्यावर सहीसुद्धा नाही.

गॅरेजला आता दुसरा बोर्ड आहे, शेड तीच. परवा त्याच्या स्टेटसला नवा फोटो होता. 'प्रेशर कंट्रोल, इम्पोर्टेड.' बॉनेट उघडं, इंजिन बाहेर काढून जमिनीवर ठेवलेलं, आणि डॅशबोर्डवरच्या गेजचा काटा साठवर.