समुपदेशन घेतल्यानंतर: राग, दुःख आणि दारातली बुलेट

हे गेल्यावर मला रडू कमी आणि राग जास्त यायचा. मुलीच्या हातून दूध उतू गेलं तरी मी तिच्या अंगावर धावून जायचे. सासूबाईंशी बोलणं तर बंदच होतं. शेवटी मैत्रीण हट्टाने समुपदेशनाला घेऊन गेली. पावसाळ्यापासून जातेय, म्हणून आता लिहिते.

पहिली जागा मला जमली नाही. तिथल्या बाईंनी निम्मं ऐकून घेतलं आणि "सकारात्मक विचार करा, पोरांकडे बघून जगा" म्हणाल्या. भेटायला आलेली प्रत्येक बाई हेच तर सांगून गेली होती! सूत जुळलं नाही तर समुपदेशक बदला, पण जाणं सोडू नका.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुसऱ्या समुपदेशक ताईंनी विचारलं, "ओरडायच्या आधी अंगात काय होतं?" मला सांगताच येईना. मग त्यांनी वहीत टिपायला लावलं: कधी, कुणावर, त्याआधी शरीरात काय. लिहिता लिहिता कळलं, आधी माझा जबडा आवळतो, मग कानशिलं तापतात. आणि बहुतेक नोंदी संध्याकाळी सातच्या आसपासच्या. ह्यांची बुलेट दारात यायची ती वेळ. ते पान वाचून दाखवताना मी पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

त्याच बुलेटची किल्ली दिरांनी तेराव्याच्या आत मागितली होती. ताईंनी माझ्याकडून एकच वाक्य मोठ्याने घोटून घेतलं, "भाऊजी, गाडी आत्ता देणार नाही. ठरलं की मी सांगेन." आवाज न चढवता ते म्हणायला फार वेळ लागला. घरी म्हटलं, तेव्हा दीर काही न बोलता चहा पिऊन गेले. गाडी अजून दारातच आहे.

माझा राग चूक आहे, असं ताई एकदाही म्हणाल्या नाहीत. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तरी माझ्या बांगड्या फोडल्याच. ते मी पहिल्यांदा त्या खोलीत बोलले. टिकली आता लावते.

मोबाईलवर दुःखाचे पाच टप्पे वाचून मी शेवटचा 'स्वीकार' कधी येतोय याची वाट बघत होते. ताईंनी सांगितलं, मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले, ते मरणाला टेकलेल्या माणसांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख तसं क्रमाने सरत नाही. केवढा जीव भांड्यात पडला!

गटातली बैठक मला मानवली नाही, ओळखीचे चेहरे निघाले. फीही सगळ्यांना परवडेल अशी नाही. त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा, आठवड्याने मिळणाऱ्या वेळेची वाट बघत बसू नका.

मी आता महिन्यातून एकदा जाते. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात मात्र जास्तीची वेळ घेऊन ठेवलीय, ते दिवस जड जातात हे ताईंनी आधीच सांगितलंय.