नळीने पू काढणारे घरी आले आणि 1,16,400 रुपये घेऊन गेले

तिसऱ्या नळीलाच मी उठायला हवं होतं. समोर टीपॉयवर माझी फाइल पडली होती. तिच्यात डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं की सांध्यांना सूज नाही, ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्याही नॉर्मल. सूजच नाही तर पू कुठून येणार? फाइल माझी, वाचलेली मी, आणि तरी मी खांदा पुढे करून बसले होते.

दोन वर्षं अंग ठणकत होतं. थायरॉइडची तपासणी झाली, संधिवातासाठीची आरए फॅक्टर ही रक्ततपासणी झाली, एक्स-रे झाले. ऑगस्टमध्ये संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया हा आजार सांगितला. हा रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही. तीन महिन्यांहून जास्त अंगभर दुखणं, झोपून उठल्यावरही न जाणारा शीण, डोक्यातला गोंधळ, यावरून ओळखतात. उपचार म्हणजे रात्री प्रिगॅबालिनची गोळी, ठरलेल्या वेळी झोप, आणि चालणं फक्त पाच मिनिटांपासून. "पूर्ण जाईल असं सांगत नाही, आटोक्यात ठेवता येतो," एवढंच ते म्हणाले. मला "जाईल" ऐकायचं होतं. आणि घरात "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत" हे इतक्यांदा ऐकलं होतं, की माझं दुखणं कुणालातरी डोळ्यांनी दाखवावं असं फार वाटायचं.

नेमकं तेच त्यांनी दाखवलं. मेडिकलच्या दुकानाबाहेर एक बाई भेटली. "ताई, खांदे धरतात ना? माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं." तिनेच नंबर दिला आणि दोन दिवसांनी वैद्य म्हणवणारा माणूस मदतनिसाला घेऊन घरी आला. तांब्याची नळी त्वचेवर ठेवून तोंडाने ओढायचा आणि वाटीत पिवळट घट्ट काहीतरी टाकायचा. "बघा ताई, किती साचलंय. डॉक्टरला हे दिसणार नाही." मी रडले. यांना हाक मारून वाटी दाखवली. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. वाटीला हळदीसारखा वास येत होता, हेही मला रात्री आठवलं.

आधी विचारलं तेव्हा तो "3,000 रुपये" म्हणाला होता. मी ते सगळ्याचे समजले. मदतनीस वहीत रेघा मारत होता. शेवटी 34 रेघा निघाल्या. एका नळीचे 3,000, म्हणजे 1,02,000. वर 1,200 ची एक अशा 12 पुड्या, 14,400. रोख 20,000 घरात होते, उरलेले 96,400 यूपीआयने गेले. नाही म्हणायला हवं होतं, मान्य. पण दोन अनोळखी पुरुष दारात उभे, "अर्धवट सोडलं तर विष पसरेल" म्हणतायत, आणि मला धड उभंही राहवत नव्हतं.

त्याने गोळ्याही बंद करायला सांगितल्या. मी केल्या. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, घाम, उमासे. प्रिगॅबालिन एकदम थांबवायचं नसतं, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचं असतं. हे लक्षात ठेवा.

चौकीत पहिला प्रश्न आला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या ना?" दोन तास बसवून साधा अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. मग सायबर पोलिसांकडे जा म्हणाले. तिथे म्हणाले, तुम्ही समोरासमोर बसून स्वतः पाठवलेत, हे आमच्यात येत नाही. बँक म्हणाली पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले आधी बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. औषधांच्या कचेरीत पुड्या दाखवल्या तर लेबल नाही, बिल नाही, कशावर कारवाई करू, असं विचारलं. नोंदणी नसताना उपचार करणं महाराष्ट्रात 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. हे मी, पाठ धरून जिने चढणाऱ्या बाईने, त्यांना सांगायचं? चार कचेऱ्या, सात खेपा, आणि प्रत्येक खेपेनंतर दोन दिवस अंथरूण.

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी पाच दिवस लाजेने गप्प बसले, तेवढ्यात त्याचं खातं रिकामं झालं होतं. घरी उपचाराला कुणालाही बोलावू नका. नोंदणी क्रमांक विचारा, आणि दर कशाचा ते लिहून घ्या. बिल देत नसेल तर तिथेच उठा. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि या आजारावर त्याचा उपयोगही नसतो, हे मला माझ्याच डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ते रागावले नाहीत. गोळ्या परत सुरू केल्या, पाच मिनिटं परत पहिल्यापासून. बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उपसायची नाहीत, हे सगळ्यात अवघड जातंय. सध्या बारा मिनिटं चालते.

आणि रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून घरातल्या बाईचं दुखणं खोटं ठरवू नका. माझ्या घरी एकाने जरी आधी खरं मानलं असतं, तर मला ती वाटी कुणाला दाखवावीशी वाटली नसती.

अकरा पुड्या अजून डब्यात आहेत. सोमवारी परत चौकीत जाणार आहे, या वेळी हे सोबत येणार आहेत.