शंभरातले शहाण्णव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका ग्रे आयर्न फाउंड्रीने, म्हणजे बिडाचं ओतकाम करणाऱ्या कारखान्याने, एआय डेटा अॅनालिसिसचं सॉफ्टवेअर घेतलं. सेटअपचे १,८०,००० रुपये, महिन्याला २२,००० प्रमाणे वर्षाचे आगाऊ २,६४,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, असे ५,२३,९२० रुपये गेले. जीएसटीचं क्रेडिट मिळालं, बाकीचे पाण्यात. विकणारा पळून गेला नाही, ऑफिसला कुलूप लागलं नाही, पावतीही खरी होती. सॉफ्टवेअर चालत होतं आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होतं. खोट त्या उत्तरांत होती. उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्याला असंच गाठता येईल, म्हणून कुठे काय झालं ते सुटं करून मांडतो.

कारखान्याचं चित्र नेहमीचं. खरेदी-विक्री टॅलीत. हीटची (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूची) नोंद भट्टीवरच्या वहीत, ती दुसऱ्या दिवशी एक्सेलमध्ये. रिजेक्शनचा हिशेब फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करण्याच्या, सुपरवायझरकडे, तिसऱ्याच शीटमध्ये. हे सगळं जोडून देऊ, मालकांनी मराठीत प्रश्न टाइप करायचा, उत्तर समोर, असं विकणाऱ्याने सांगितलं. शिवाय कोणतं कास्टिंग (ओतीव भाग) रिजेक्ट होणार ते ओतण्याआधीच सांगू, अचूकता ९६ टक्के.

डेमो झकास झाला. होणारच. डेटा त्यांचा होता आणि प्रश्न त्यांच्याच माणसाने टाइप केले. त्या डेटात एका ग्राहकाचं एकच नाव होतं, क्रेडिट नोट (बिलातून नंतर दिलेली वजावट) एकही नव्हती, तारखा सगळ्या एका साच्यातल्या. या फाउंड्रीच्या टॅलीत एकाच ग्राहकाची तीन लेजर, म्हणजे खाती, होती: एक ‘प्रा. लि.’सकट, एक त्याशिवाय, आणि एक ‘युनिट २’ जोडलेलं. कोल्हापुरात नुरा कुस्ती कशाला म्हणतात ते कुणाला सांगायला नको. डेमो ही आधीच निकाल ठरवून खेळलेली नुरा कुस्ती असते.

पहिला घोळ विक्रीच्या आकड्यात झाला. एका तिमाहीची विक्री क्रेडिट नोटांआधी, जीएसटी सोडून १,८५,१०,००० होती. क्रेडिट नोटा ३,१०,००० च्या. म्हणजे निव्वळ १,८२,००,०००. सॉफ्टवेअरने सांगितलं २,२७,८१,८००. हा आकडा हवेतून आलेला नव्हता, तो चुकांच्या थरांनी बनलेला होता. बिलाची रक्कम जीएसटीसकट धरली, त्यामुळे ३३,३१,८०० चढले. मशीनिंगसाठी बाहेर जॉबवर्कला पाठवलेल्या मालाची ९,४०,००० ची चलनं विक्रीत मोजली. तो माल परत येतो, त्याची विक्री झालेलीच नसते. क्रेडिट नोटा वजा केल्याच नाहीत. यातली प्रत्येक चूक दहा मिनिटांत सापडते, फक्त शेजारी जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, उघडून ठेवावा लागतो. तो कुणी ठेवला नाही, कारण पडद्यावरचा ग्राफ सुंदर होता आणि वर जाणारा होता.

तारखांचा घोळ याहून छुपा. एक्सेलमध्ये ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. अमेरिकी पद्धतीने वाचणारं सॉफ्टवेअर तेच ४ मार्च वाचतं, आणि नव्या आर्थिक वर्षाची नोंद जुन्या वर्षात जाऊन बसते. गंमत अशी की १३ तारखेपासून पुढच्या तारखा बरोबर वाचल्या जातात, कारण तेरावा महिनाच नाही. म्हणून महिन्याचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरतात, उरलेले जागेवर राहतात आणि एकूण बेरीज साधारण जुळल्यासारखी दिसते. आपला डेटा तपासायचा तर दर महिन्याच्या १ ते १२ तारखांची विक्री वेगळी काढून पाहायची.

आता भाषेच्या मॉडेलबद्दल, कारण खरी गोम इथेच आहे. चॅटजीपीटीसारखं मॉडेल पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधतं. त्याला हजारो ओळींची बेरीज तोंडी करायला लावली तर ते बेरजेसारखा दिसणारा आकडा देतं. नीट बांधलेल्या टूलमध्ये मॉडेल फक्त मराठी प्रश्नाचं एसक्यूएल क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला समजणाऱ्या लेखी आज्ञेत, रूपांतर करतं, बेरीज डेटाबेस करतो, आणि ती क्वेरी उत्तराखाली उघडून पाहता येते. क्वेरी वाचता येत नसली तरी हरकत नाही. आपल्या अकाउंटंटला किंवा संगणकाचं शिकलेल्या पुतण्याला दाखवता आली पाहिजे. या फाउंड्रीने मागितली तेव्हा ‘ते आमचं गुपित तंत्र आहे’ असं उत्तर आलं. क्वेरी लपवणाऱ्याला गुपित कमी आणि चुका जास्त जपायच्या असतात, असं धरून चालावं. एकच प्रश्न सकाळी आणि दुपारी विचारून दोन वेगळे आकडे आले, तर बेरीज मॉडेल स्वतः करतंय हे नक्की समजा.

आणि आता ते ९६ टक्के.

महिन्याला १२,००० कास्टिंग, त्यात ४ टक्के रिजेक्शन, म्हणजे ४८० खराब आणि ११,५२० चांगली. डोळे मिटून ‘सगळी चांगली’ म्हणणारा माणूस ११,५२० वेळा बरोबर ठरतो. त्याची अचूकता ९६ टक्के. पगार शून्य. सॉफ्टवेअरने प्रत्यक्षात ६० कास्टिंगवर लाल खूण केली, त्यातली १५ खरोखर खराब निघाली. ४५ चांगल्या कास्टिंगवर उगाच शंका, ४६५ खराब सुटली. तरी हिशेबाने अचूकता ९५.७५ टक्के येते, आणि माहितीपत्रकात तिला ९६ म्हणता येतं. खोटं एक अक्षर नाही. विचारायचे प्रश्न दोन: खराब १०० असतील तर त्यातली किती पकडली, आणि लाल खूण केलेल्या १०० मधली किती खरंच खराब निघाली. इथे पहिल्याचं उत्तर ३ आणि दुसऱ्याचं २५. अचूकतेचा एकच आकडा सांगून थांबणाऱ्याला तिथेच चहा पाजून वाटेला लावावं.

मग कारखान्याच्याच जुन्या डेटावर घेतलेली चाचणी का छान आली? तिथे मॉडेलने दर १०० खराब कास्टिंगमधली ८० ओळखली होती. कारण त्याला दिलेल्या शीटमध्ये ‘फेटलिंग शेरा’ आणि ‘ग्राइंडिंगचा वेळ’ हे रकाने होते. ते कास्टिंग तयार झाल्यावर भरले जातात, आणि खराब दिसलेल्या कास्टिंगवर कुणी ग्राइंडिंगचा वेळ घालवत नाही. रकाना रिकामा म्हणजे माल खराब, एवढंच मॉडेल शिकलं. पेपर फुटल्यावर मिळालेले मार्क ते. ओतण्याआधी तो रकाना प्रत्येकाचाच रिकामा असतो, म्हणून प्रत्यक्षात ते आंधळं झालं. चाचणीआधी प्रत्येक रकान्यापुढे ‘हा कधी भरला जातो’ हे लिहून घ्यायचं, आणि पोरिंगनंतरचं, म्हणजे धातू ओतल्यानंतरचं, सगळं खोडायचं.

उलट बाजूचीही चूक होती. त्वचेखालचा ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगच्या आत वायूने राहिलेली पोकळी, आपल्याकडे दिसत नाही, ग्राहकाच्या मशीनवर पहिला कट बसला की उघडा पडतो, आणि खराब मालाचे पैसे कापणारी त्याची डेबिट नोट दीड-दोन महिन्यांनी येते. म्हणजे गेल्या दोन महिन्यांचा ‘ओके’ हा अजून ओके ठरलेला नाही. तो डेटा शिकवायला वापरला तर मॉडेल खराब मालालाच चांगला म्हणायला शिकतं.

याचा थोडा दोष कारखान्याकडेही जातो, ते झाकण्यात अर्थ नाही. वहीत पोरिंग टेम्परेचर रोज १४०० लिहिलेलं होतं. वाळूतला ओलावा लिहिलेलाच नव्हता. कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरस यांवरून सीई (कार्बन इक्विव्हॅलंट) काढतात, तो काही हीटना होता, काहींना नाही. जो आकडा कधी बदलतच नाही त्यातून जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर कारण शोधू शकत नाही. प्रामाणिक विक्रेता पहिल्याच दिवशी हे सांगतो आणि आधी तीन महिने नोंदी सुधारा म्हणतो. हा म्हणाला, ‘एआय सगळं भरून काढतं.’

आणखी एक खूण नंतर लक्षात आली. सोप्या प्रश्नांना लगेच उत्तर यायचं, अवघड प्रश्नावर ‘प्रोसेसिंग’ दिसायचं आणि उत्तर दुसऱ्या दिवशी अकराला. रविवारी कधीच नाही. डाउनलोड केलेल्या एक्सेलमध्ये फाइल, मग इन्फो उघडलं तर लेखक म्हणून एका माणसाचं नाव. यंत्राच्या नावाने पाठीमागे कुणीतरी पिव्होट टेबल बनवत होतं. हे फक्त इथलंच नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत नेट या शॉपिंग अॅपच्या संस्थापकावर सरकारी वकिलांनी असाच आरोप ठेवला: एआय खरेदी करतं असं सांगून गुंतवणूकदारांकडून ४ कोटी डॉलरहून अधिक उभे केले, आणि खरेदी प्रत्यक्षात फिलिपिन्समधली माणसं हाताने करत होती. त्याआधी मार्च २०२४ मध्ये तिथल्या बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, एआयबद्दल खोटे दावे केल्याबद्दल दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांकडून मिळून ४ लाख डॉलर दंड घेतला. याला तिकडे एआय वॉशिंग म्हणतात.

टॅलीच्या जोडणीबद्दल वेगळं सांगायला हवं. टॅली बाहेरच्या सॉफ्टवेअरशी सहसा पोर्ट ९००० वरून बोलतं. त्या वाटेने डेटा वाचता येतो, आणि व्हाउचर आतही घालता येतात. म्हणून हा पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कबाहेर उघडायचा नाही. विक्रेत्याने अॅडमिन पासवर्ड आणि दिवसरात्र चालू राहणारं एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर) मागितलं तर नाही म्हणायचं. चाचणीसाठी बॅकअप घेऊन तो दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करायचा आणि ती प्रत द्यायची. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) राहणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. बाहेरच्या माणसाने तुमच्या लॉगिनमधून केलेला बदल त्या लॉगमध्ये तुमच्या नावावर पडतो. ग्राहकाची ड्रॉइंग तर अशा टूलवर चढवायचीच नाहीत, गोपनीयतेचा करार तुम्ही केलेला असतो.

निवडायचं कसं? आधी चॅटचा नाद सोडा. डेटा १०,४८,५७६ ओळींच्या आत असेल, आणि बहुतेक लघुउद्योगांचा असतोच, तर एक्सेलमधलं पॉवर क्वेरी निम्मं काम फुकट करतं. विंडोजवर पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत मिळतं, पैसे रिपोर्ट ऑनलाइन शेअर करताना माणसागणिक लागतात. मेटाबेस या रिपोर्टच्या टूलची ओपन सोर्स आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर मोफत बसते, मात्र सांभाळायला जाणकार लागतो. प्रश्न विचारण्याची सोय हा सगळ्यात वरचा थर. खाली प्रत्येक ग्राहकाचं एकच लेजर झाल्याशिवाय त्याला हात लावू नये.

तरी एआय टूल घ्यायचंच असेल तर परीक्षा आपली ठेवा. रिटर्न भरून बंद झालेली एक तिमाही घ्या. अकाउंटंटने दहा प्रश्न काढायचे आणि उत्तरं पाकिटात बंद करायची. जीएसटी सोडून, क्रेडिट नोटा वजा करून निव्वळ विक्री. ९० दिवसांपुढची येणी. एका पार्ट नंबरची महिनावार पाठवणी, किलोत आणि नगांत. त्यात दोन प्रश्न फसवे ठेवा: कधी न विकलेल्या मालाची विक्री विचारा, आणि ज्या वर्षाचा डेटा दिलाच नाही त्याचा नफा विचारा. ‘माहिती नाही’ हेच तिथलं बरोबर उत्तर. आकडा आला तर परीक्षा संपली. प्रत्येक प्रश्न शब्द बदलून तीनदा विचारा. रुपयांची बेरीज तंतोतंत जुळली पाहिजे. ‘जवळपास’ हा शब्द अंदाजाला चालतो, झालेल्या विक्रीला नाही. प्रश्न टाइप करताना कीबोर्ड तुमच्या हातात हवा.

करारात आगाऊ वर्षाचे पैसे नकोत, तीन महिन्यांचे पुरे. वरचे दहा प्रश्न पास होणं ही पेमेंटची अट म्हणून लिहून घ्या. डेटा एक्सेलमध्ये परत देणं फुकट हवं. न्यायक्षेत्राची ओळ शोधून वाचा. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात आलं खरं, पण करारात परराज्यातलं शहर लिहिलेलं असेल तर तारखेला तिकडेच जावं लागणार. ग्राहक आयोगावरही फार भिस्त नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा सहसा ग्राहक धरला जात नाही.

कायद्याचा एक काटा तर उलटाच टोचतो. विकणारा उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याचं संरक्षण त्याला आहे. सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असं धरतात, आणि लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे पेमेंट लांबवता येत नाही. पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. फोनवर केलेली भांडणं इथे मोजत नाहीत. या फाउंड्रीने दोन महिने फोनवरच तक्रार केली.

आधीच अडकला असाल तर क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा सगळा डेटा आणि रिपोर्ट उतरवून घ्या, चुकीच्या उत्तरांचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढा. मग चूक आकड्यासह दाखवणारा ईमेल पाठवा, शेजारी जीएसटीआर-१ चा आकडा द्या. त्यानंतर टॅलीचे पासवर्ड बदला, एनीडेस्क काढून टाका, आणि ऑटो डेबिटचं मँडेट बँकेत लेखी अर्ज देऊन रद्द करा, पोच घ्या. विनापरवाना पैसे गेले किंवा लॉगिनचा गैरवापर झाला असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. मँडेट आधी रद्द करून डेटा नंतर मागू नका. लॉगिन त्याच संध्याकाळी बंद होतं.