पार्टी बोट: धमाल आहे, पण शिडी एकच

मी खरं तर पोहायलाच गेले होते, पार्टी म्हणजे बोनस. चढल्या चढल्या डीजे सुरू, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, पण अर्ध्या तासात अनोळखी लोकांसोबत कधी नाचायला लागले कळलंच नाही. पोहायला बोट दोनदा थांबवली, पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसत होती, वरच्या डेकवरून उडी मारताना मात्र जाम टरकली माझी. इंजिन बंद केल्याशिवाय कोणाला उतरू देत नाहीत आणि प्यायलेल्यांना पाण्यात सोडत नाहीत, हे बेस्ट. वर यायला शिडी एकच, म्हणून रांग. बोट लागत असेल तर गोळी आधीच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. आणि सनस्क्रीन परत परत लावा, माझे खांदे अजून सोलतायत 😅