निगेटिव्ह स्कॅन करून घ्यावी, ‘सुधारून’ घेऊ नये

मद्रासजवळच्या शोलावरम येथील मोटार शर्यतींत काकांनी आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याने टिपलेल्या बारा निगेटिव्ह गेल्या महिन्यात घरच्या पत्र्याच्या पेटीत सापडल्या. त्यांतल्या एकीत उघड्या चाकांची, एकाच आसनाची आणि इंजिन पुढे असलेली एक रेसिंग कार आहे. दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर होणाऱ्या त्या शर्यतींत परदेशी गाड्यांबरोबर गॅरेजात घडवलेल्या गाड्याही उतरत असत. त्यामुळे ही गाडी कोणती, हे ठरवायचे तर बारकावे स्पष्ट दिसणे भाग होते, आणि त्यासाठी नवी पेठेतील एका जुन्या स्टुडिओत गेलो.

स्कॅनिंगबद्दल तक्रारीला जागा नाही. मालकांनी सुती हातमोजे घालून, फुंकणीने धूळ उडवून प्रत्येक निगेटिव्ह 2400 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 2400 ठिपके या हिशेबाने, घेतली. नावाला सहा, पण प्रत्यक्षात सुमारे 5.6 सेंटिमीटर चौरस असलेल्या चित्रावर त्यामुळे बाजूला सुमारे 5300 पिक्सेल मिळतात आणि गाडीचा पत्रा जोडणारे रिव्हेटसुद्धा मोजता येतात. एका निगेटिव्हचे साठ रुपये मला रास्त वाटले.

पुढे मात्र दोन घोटाळे झाले. पहिला असा, की निगेटिव्ह पालथी ठेवली गेल्याने चित्र डावे-उजवे उलटे आले. गाडीचा क्रमांक नेमका 8 असल्यामुळे ते कोणाच्याच ध्यानात आले नाही. एक्झॉस्टचा पाइप कोणत्या बाजूने निघतो, ही अशा गाडीची मोठी खूण असते आणि तीच बदलली होती. फिल्मच्या कडेवर छापलेली अक्षरे उलटी दिसली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

दुसरा घोटाळा अधिक गंभीर होता. न विचारताच संगणकाकरवी ‘सुधारलेली’ प्रत मला देण्यात आली, आणि तीत अंधूक चाकांमध्ये चक्क तारांचे आरे उमटलेले होते! ते पाहून पुण्याच्या एका जाणकार मित्राने ही इटलीची स्टँग्वेलिनी असावी, असा अंदाज केला. अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, कारण फॉर्म्युला ज्युनिअर या छोट्या इंजिनांच्या रेसिंग वर्गातील त्या गाडीत इंजिन पुढेच असे, चाके तारांची असत आणि इंजिन फियाट 1100 चे असे. फियाट 1100 तर मुंबईत बनत होती.

मूळ स्कॅन मागून घेतल्यावर चित्र पालटले. चाके दाबीव पत्र्याची, आरे नसलेली निघाली, आणि बॉनेटचा ॲल्युमिनियम पत्रा हाताने ठोकून, वाकड्यातिकड्या रांगेत रिव्हेट मारून बसवलेला दिसला. पुढच्या चाकामागील सस्पेन्शनचा उभा भाग स्टँडर्ड हेराल्ड या मोटारीसारखा आहे. या एकाच खुणेवर विसंबणे धोक्याचे ठरले असते, कारण हेराल्डचा हा भाग ब्रिटनमधील कित्येक रेसिंग गाड्यांतही वापरला जाई. मात्र हेराल्ड 1961 पासून मद्रासलाच तयार होत असे. चाके, पत्रा आणि सस्पेन्शन एकत्र पाहता ही परदेशी कारखान्यातली नव्हे, तर इथल्याच सुट्या भागांतून कोणा हौशी मेकॅनिकने उभी केलेली गाडी असावी, असे माझे मत झाले आहे. मला तर ती स्टँग्वेलिनीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

चूक दाखवल्यावर मालकांनी वाद न घालता ती निगेटिव्ह पुन्हा, आणि फुकट, स्कॅन करून दिली. स्टुडिओत दुपारी वीज गेली की काम थांबते, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या फोटोंसाठी मी पुन्हा तिथेच जाईन, मात्र ‘आहे तसे द्या, काही करू नका’ असे पावतीवर लिहून घेईन. पेन ड्राइव्ह आपला न्यावा. व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रात रिव्हेटांची ती रांग पुसली जाते.