सातेरी की डंखरहित: गोव्यात घरी मधमाश्या पाळायच्या तर

गोव्यात हौसेने एक-दोन पेट्या ठेवू पाहणाऱ्यापुढे खरे तर दोनच पर्याय असतात. एक सातेरी, जी झाडाच्या ढोलीत आणि रिकाम्या वारुळात पूर्वापार राहत आली आहे (वारुळालाच सातेरी म्हणून पुजणाऱ्या मुलखात हे नाव कोणाला परके वाटू नये), आणि दुसरी जुन्या भिंतींच्या फटींत घर करणारी, मुंगीएवढी डंखरहित माशी. युरोपीय मेलिफेरा मध पुष्कळ देते. पण तिच्या पेट्या गाडीत घालून फुलोऱ्यामागे हिंडावे लागते, म्हणून हौशी माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

मधाच्या हिशेबाने सातेरीच वरचढ ठरते. काजूचा मोहर चांगला आला आणि वसाहत जोमात असली, तर एका पेटीतून वर्षाला पाच-सहा किलो मध मिळू शकतो. डंखरहित माशीकडून अर्धा किलो मिळाला तरी पुष्कळ म्हणायचे. हा दुसरा मध पातळ व आंबटसर असतो, त्यात पाण्याचा अंश जास्त असल्यामुळे तो बाहेर ठेवल्यास आंबतो आणि फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. मला स्वतःला त्याची चव अधिक आवडते, परंतु पाहुण्यांना बरण्या भरून देण्याची हौस त्यावर भागत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. जून ते सप्टेंबर माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि पडल्या तरी फुलांत फारसे काही हाती लागत नाही. अशा वेळी सातेरीला साखरेचा पाक द्यावा लागतो, पेटीच्या स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना हे पाहावे लागते, नाहीतर मुंगळे आणि ओंबील (झाडावरच्या लाल मुंग्या) आत शिरतात. शिवाय उपासमार किंवा त्रास झाला की संपूर्ण वसाहत राणीसह घर सोडून निघून जाते. पहिल्या वर्षी जुलैतल्या झडीत मी तीन आठवडे पेटी उघडली नाही. उघडीप मिळाली त्या सकाळी झाकण उचलले, तेव्हा चौकटींवर करड्या रेशमी जाळ्या पसरल्या होत्या, बोट लावताच पोळ्याचा भुगा होत होता, त्यातून मेणपतंगाच्या अळ्या वळवळत होत्या आणि माशी औषधालाही उरली नव्हती. डंखरहित माश्यांची अंडी घालणारी राणी पोट फुगल्यामुळे उडूच शकत नाही, त्यामुळे ती वसाहत सहसा पळून जात नाही. राळ व मेण कालवून केलेल्या आपल्या नळीवजा दारामागे साठवलेल्या मधावर ती पाऊस काढते.

डंखाचा विचार घरच्यांसह आणि शेजाऱ्यांसह करावा. सातेरी आग्यासारखी उग्र नसली तरी चावते, आणि घरात कोणाला मधमाशीच्या विषाची तीव्र ॲलर्जी असेल, तर तिचा प्रश्न तिथेच मिटतो. डंखरहित माशी फार तर केसांत शिरून कुरतडते आणि बोटांना चिकट राळ लावून जाते, म्हणून मडगाव किंवा पणजीतल्या फ्लॅटच्या गॅलरीतही ती खपून जाते.

सामानाच्या बाबतीत सातेरीसाठी चौकटींची पेटी, जाळीची टोपी, धुराचे यंत्र आणि मध काढण्याचे यंत्र एवढे जमवावे लागते. डंखरहित माशीला लहानशी लाकडी पेटी किंवा बांबूचे पेरही चालते.

म्हणून फोंडा, सत्तरी किंवा सांगे भागात ज्याचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे आणि जो दर आठ-दहा दिवसांनी पेटी उघडून पाहू शकतो, त्याने सातेरी घ्यावी. नोकरी सांभाळून शहरात राहणाऱ्याने डंखरहित माशीपासूनच सुरुवात करावी. कोणतीही घेतली तरी ती पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्यावी, कारण मे महिन्यात आणलेल्या वसाहतीला साठा करायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात.